रेषेबाहेर उभी राहणारी बाई

  शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, भाकरी थापत असाल तर थापत राहा. हात थांबवायचं काम नाही, फक्त कान इकडं द्या.

आज आम्ही बोलणार आहोत एका खेळ शिकवणाऱ्या बाईबद्दल. खेळ बास्केटबॉलचा आणि बाई अमेरिकेतली. तुम्ही म्हणाल, आपल्या बचत गटाचा आणि बास्केटबॉलचा काय संबंध? आम्हीही आधी असंच म्हणालो होतो. पण आमच्यातल्या एकीची मुलगी तालुक्याच्या शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. तिनं आम्हाला या बाईची गोष्ट सांगितली, आणि ती ऐकताना आम्हाला आमचाच गट दिसायला लागला. म्हणून आधी आमचं सांगतो, मग त्या बाईचं.

आमच्या गटाच्या अध्यक्षांना आम्ही अक्का म्हणतो. गट निघाला तेव्हापासून त्याच अध्यक्ष. आज त्या इथं आमच्यासोबत बसल्या आहेत, आणि त्यांच्या परवानगीनंच आम्ही हे सांगतोय. गटाचं सगळं अक्काच बघायच्या. बचत गोळा करणं, वही लिहिणं, बँकेत जाणं, साहेबांशी बोलणं, कुणाचा हप्ता थकला तर तिच्या दारात जाऊन बसणं. गटाच्या वह्या आणि पासबुक त्यांच्या कपाटात, आणि कपाटाची चावी त्यांच्या कमरेला. आम्ही बाकीच्या दर महिन्याला यायचो, पैसे द्यायचो, सही करायचो आणि घरी जायचो. गट छान चाललाय, असं सगळीकडं सांगायचो.

मागच्या वर्षी अक्कांचं ऑपरेशन झालं. बावीस दिवस त्या दवाखान्यात होत्या. त्याच दिवसांत बँकेच्या कर्जाचा हप्ता आला आणि चुकला, कारण किती भरायचा आणि कुठल्या खात्यात भरायचा हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. सचिव होती, पण तिनं आजवर अक्का बोट ठेवतील तिथं सही केली होती, एवढंच. त्याच आठवड्यात एका सदस्याला मुलीच्या कॉलेजची फी भरायला कर्ज हवं होतं. गटात पैसे होते. पण किती शिल्लक आहे, द्यायचे तर कसे द्यायचे, कुणालाच सांगता येईना. शेवटी तिनं कानातली फुलं गहाण ठेवली. अकरा बायकांचा गट असताना तिला सोनाराच्या दारात जावं लागलं.

अक्का घरी आल्यावर बैठकीत हे निघालं. त्या रागावल्या. म्हणाल्या, "एवढी वर्षं एकटीनं ओढलं, आता मलाच बोल लावता होय?" आम्ही गप्प बसलो. कारण त्यांचं खरं होतं आणि आमचंही खरं होतं. त्यांनी सगळं स्वतःकडं ठेवलं होतं, आणि आम्हीही ते आनंदानं त्यांच्यावर टाकून मोकळ्या झालो होतो.

त्याच बैठकीत ती शिकवणारी पोरगी आईला न्यायला आली होती. आमचं बोलणं ऐकून म्हणाली, "काकी, आमच्या खेळात प्रशिक्षकाला मैदानातच जाता येत नाही." मग तिनं समजावून सांगितलं. बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच खेळाडू असतात. उंचावर, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, लोखंडी कडी आणि तिला जाळी. चेंडू त्यातून टाकला की गुण. खेळ चालू असताना प्रशिक्षक रेषेच्या बाहेर असतो. ओरडून सांगता येतं, मधे थोडा वेळ खेळ थांबवून बोलता येतं, खेळाडू बदलता येतो. पण चेंडूला हात लावता येत नाही. स्वतः कितीही चांगलं खेळता येत असलं तरी. जे काय करायचं ते सरावाच्या दिवसांत, दुसऱ्यांच्या हातून होईल असं करायचं.

आणि मग तिनं पॅट समिटची गोष्ट सांगितली.

पॅटचा जन्म १९५२ सालचा. अमेरिकेत टेनेसी नावाचं राज्य आहे, तिथल्या शेतकरी कुटुंबातला. घरी गायी होत्या, तंबाखूचं पीक होतं. तीन मोठे भाऊ, मग ही, आणि एक धाकटी बहीण. मुलगी म्हणून कामातून सुटका नव्हती. धारा काढायच्या, गवताचे भारे बांधायचे, तंबाखू तोडायचा. वडील फार कडक. पण त्याच वडिलांनी गवताच्या माळ्यावर बास्केटबॉलची कडी लावून दिली होती. दिवसभराचं काम उरकलं की भावंडं तिथं खेळायची. तीन दांडग्या भावांबरोबर खेळून ही पोरगी तयार झाली.

तिच्या गावच्या हायस्कूलला मुलींचा संघच नव्हता. तेव्हा वडिलांनी काय करावं? त्यांनी घरच दुसऱ्या गावाला हलवलं, जिथल्या शाळेत मुलींना खेळता येत होतं. मैत्रिणींनो, हे ऐकून आम्ही एकमेकींकडं बघितलं. मुलाच्या शिक्षणासाठी तालुक्याला खोली घेतलेली आपण पाहिली आहे. मुलीच्या खेळासाठी बिऱ्हाड हलवलेलं आमच्यातल्या एकीनंही पाहिलं नव्हतं.

१९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असा तो कायदा. त्यामुळे मुलींच्या खेळांना हळूहळू जागा मिळू लागली. आपल्याकडं पंचायतीत बायकांना आरक्षण आलं तेव्हा जसं झालं, तसंच काहीसं. कायद्यानं दार उघडलं, पण आत खुर्ची मांडून कुणी वाट बघत नव्हतं. ती खुर्ची आपली आपण ओढून घ्यावी लागते.

१९७४ साली पॅट टेनेसी विद्यापीठात पुढचं शिक्षण घ्यायला गेली. तिथल्या मुलींच्या संघाला हातभार लावायचा, असं काम तिला मिळालं होतं. पण मुख्य प्रशिक्षक बाई रजेवर गेल्या आणि अख्खा संघ हिच्या गळ्यात पडला. वय २२ वर्षं. संघातल्या काही मुली तिच्यापेक्षा जेमतेम वर्षभरानं लहान. पगार महिन्याला २५० डॉलर. मुलींचे खेळायचे कपडे हीच धुवायची, बाहेरगावी जायची गाडी हीच चालवायची. ते कपडेसुद्धा आदल्या वर्षी मुलींनी डोनट नावाचे गोड वडे विकून पैसे जमवून घेतलेले. एकदा तर दुसऱ्या कॉलेजच्या खेळाच्या हॉलमध्येच चटया टाकून सगळ्या झोपल्या होत्या, कारण राहायला पैसे नव्हते. पापड-लोणची विकून गटाची सतरंजी घेतलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.

पहिला सामना ७ डिसेंबर १९७४ ला झाला. तिचा संघ हरला. किती गुणांनी? एका गुणानं. ८४ आणि ८३.

पुढं काय झालं तेही आत्ताच सांगून टाकतो. ही बाई त्याच एका विद्यापीठात ३८ हंगाम राहिली. तिच्या संघानं १,०९८ सामने जिंकले, २०८ हरले. आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सुरुवातीला शंभर माणसंही बघायला येत नव्हती, तिथं पुढं वीस हजारांच्या वर लोक तिकीट काढून यायला लागले. पण पहिलं विजेतेपद आलं १९८७ साली, म्हणजे तेराव्या हंगामात. त्याआधी कितीतरी वेळा शेवटच्या चार संघांपर्यंत जाऊन रिकाम्या हातानं परत यावं लागलं होतं. आकडे ऐकायला छान वाटतात, पण बैठकीत आम्हाला बोलायचं होतं ते मधल्या वर्षांबद्दल. ही बाई त्या वर्षांत स्वतः कशी बदलत गेली त्याबद्दल.

सुरुवातीला ती फार कडक होती. वडिलांसारखीच. तिच्या नजरेला खेळाडू घाबरायच्या. एकदा काही मुली रात्री पार्टी करून आल्याचं तिला कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं मैदानाच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याचे चार डबे ठेवले आणि मुलींना पळवलं. ओकारी आली तर डब्यात ओका आणि पुन्हा पळा. आणखी एकदा बाहेरगावी हरून संघ रात्री परत आला. तर झोपायला न सोडता, तेच घामट कपडे पुन्हा अंगात चढवायला लावून तिनं सराव घेतला.

यावर आमच्या बैठकीत भांडण जुंपलं. अक्का म्हणाल्या, "बरोबर केलं. शिस्त नको का? हप्ता थकला की मी दारात बसते म्हणून तर गट टिकलाय." आमच्यातल्या धाकट्या सुना म्हणाल्या, "अक्का, तुम्ही दारात बसलात की अख्खी गल्ली बघते. त्या लाजेनं दोघी गट सोडून गेल्या." आणि ती शिकवणारी पोरगी खाली मान घालून म्हणाली, "काकी, मीही असंच ओरडते. यंदा माझ्या बारा मुलींपैकी पाचच उरल्यात."

आम्हाला वाटतं, गोष्टीतलं खरं यानंतर सुरू होतं. कारण पॅटनं शिस्त सोडली नाही. पण सगळ्यांना एकाच काठीनं हाकणं तिनं हळूहळू सोडलं. तिच्या लक्षात आलं, की एका मुलीला सगळ्यांसमोर बोललं तर ती जिद्दीनं उठते, आणि दुसरी त्याच बोलण्यानं मोडून पडते. मग तिनं खेळाडूंचे स्वभाव समजून घ्यायला प्रश्नांचा एक कागदच भरून घ्यायला सुरुवात केली. कुणाला काय बोचतं, कुणाला कशानं उभारी येते, कुणाला एकांतात सांगावं लागतं. शिकवणारीनं आधी स्वतः शिकायचं, हे तिनं मनावर घेतलं. संघासाठी तिनं बारा नियम केले होते. त्यातला एक नियम बदलाचाच होता, की बदलावं हे लागतंच. नियम मुलींसाठी लिहिला होता, पण तिनं तो स्वतःलाही लावला.

तिच्या वडिलांबद्दलची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. घर हलवणारा हा बाप, पण मुलीला कधी जवळ घेतलं नाही, कधी तोंडानं कौतुक केलं नाही. १९९६ साली तिच्या संघानं चौथं विजेतेपद जिंकलं. त्या दिवशी वडिलांनी तिला पहिल्यांदा मिठी मारली. तेव्हा ती ४३ वर्षांची होती. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायका हे ऐकून डोळ्याला पदर लावत होत्या. माया असते, पण बोलून दाखवत नाही, असं आपल्याकडं घरोघरी आहे. सासऱ्यांचं, वडिलांचं, आणि खरं सांगायचं तर आपलंही. पोरगी नव्वद टक्के घेऊन आली की आपण विचारतो, बाकीचे दहा कुठं गेले?

पॅटच्या सरावात एक पद्धत होती, ती आम्हाला फार आवडली. खेळाडूला कुणी चांगलं म्हटलं, की तिनं मोठ्यानं म्हणायचं, "दोन गुण." आणि कुणी चूक दाखवली, की म्हणायचं, "रिबाउंड." रिबाउंड म्हणजे कडीवर आपटून परत आलेला चेंडू पुन्हा पकडणं. म्हणजे असं, की तुझं बोलणं मी ऐकलं, पकडलं, आता पुढं खेळू. यात दोन कामं होतात. कौतुक वाया जात नाही, कारण ते घेतल्याचं तोंडानं सांगावं लागतं. आणि चूक दाखवली की तोंड फुगवून बसायला वाव राहत नाही.

आम्ही हे गटात करून पाहिलं. पहिल्या बैठकीला हसून हसून पोट दुखलं. "तुझी वही यंदा छान लिहिली आहेस," म्हटलं की ती म्हणायची, "दोन गुण." पण तिसऱ्या बैठकीत एका सदस्यानं अक्कांना सरळ सांगितलं, "अक्का, माझा हप्ता थकला तेव्हा तुम्ही माझ्या सासूसमोर बोललात. ते मला लागलं." सगळ्या स्तब्ध झाल्या. अक्कांनी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "रिबाउंड." त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पॅटचा आणखी एक नियम. मुलींनी वर्गात पहिल्या तीन ओळींत बसायचं, तास बुडवायचा नाही. खेळात कितीही हुशार असली तरी तास बुडवला तर त्याची किंमत मोजावी लागायची. तिच्याकडं पूर्ण वर्षं खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. प्रत्येक. सामने जिंकायला पदवी लागत नाही. पण खेळ चार वर्षांत संपतो आणि आयुष्य पुढं पडलेलं असतं, हे तिला कळत होतं. आपल्या गटातही असंच विचारायला हवं. गटाचं कर्ज फिटलं, व्याज जमलं, चांगलं झालं. पण गटात आल्यापासून या बाईला नवीन काय यायला लागलं? बँकेचा फॉर्म भरता येतो का? ग्रामसभेत उभं राहून बोलता येतं का? का अजून अंगठाच?

आता एक नियम मोडल्याची गोष्ट. त्या काळी टेनेसीच्या शाळांत मुलींचा बास्केटबॉल वेगळाच होता. पाच नाही, सहा मुलींचा. त्यातल्या तिघींनी फक्त अडवायचं, तिघींनी फक्त चेंडू कडीत टाकायचा, आणि मधली रेष कुणी ओलांडायची नाही. का, तर मुली नाजूक, त्यांना एवढं पळणं झेपणार नाही. पॅट स्वतः शाळेत असंच खेळून आली होती. गवताचे भारे उचलणाऱ्या मुलीला सांगायचं की तुला अर्ध्या मैदानापलीकडं पळवणार नाही. कॉलेजला आल्यावर पूर्ण मैदान खेळावं लागायचं आणि टेनेसीच्या मुलींना अर्धाच खेळ यायचा. पॅट याविरुद्ध उघड बोलली. तेव्हा ती वयानं लहान होती, मोठ्या लोकांना राग येईल याची तिला कल्पना होती. १९७९ साली टेनेसीतला तो नियम गेला आणि मुली पूर्ण मैदानावर खेळायला लागल्या.

ही गोष्ट ऐकून आमची सचिव बोलली, जी कधी बोलत नाही ती. म्हणाली, "मग मी पण सहातली एकच की. सही करायची, पण बँकेची रेष ओलांडायची नाही."

मैत्रिणींनो, हा टोला अक्कांना होता आणि आम्हालाही होता.

आता शेवटचा भाग. तो जड आहे, पण त्यासाठीच आम्ही ही गोष्ट रेडिओवर आणली.

२०१० च्या सुमाराला पॅट विसरायला लागली. तिला वाटलं दगदगीमुळे होत असेल. आपणही असंच म्हणतो. सामना चालू असताना कोणता डाव सांगायचा तेच तिला आठवेना. जिनं हजारावर सामने जिंकले तिला. २०११ साली डॉक्टरांनी सांगितलं, हा अल्झायमर आहे. हळूहळू आठवण पुसत नेणारा आजार, ज्याला बरं करणारं औषध नाही. तेव्हा ती ५९ वर्षांची होत होती.

तिच्यापुढं दोन वाटा होत्या. लपवायचं, किंवा सांगायचं. ऑगस्ट २०११ मध्ये तिनं स्वतः सांगितलं. आधी आपल्या खेळाडूंना, आणि मग साऱ्या देशाला. म्हाताऱ्या माणसाला विसरायला लागलं की आपल्याकडं घरचेच म्हणतात, चारचौघांत काढू नका, लोक वेडी म्हणतील. या बाईनं सांगितलं, मला हा आजार आहे, मी काम करत राहणार, आणि जिथं मला जमणार नाही तिथं माझ्या सोबतच्या सांभाळतील.

आणि सोबतच्यांनी सांभाळलं. त्या हंगामात बरीचशी कामं तिच्या मदतनीस प्रशिक्षकांनी उचलली. पॅट बाजूला बसायची. संघ कोलमडला नाही. त्या वर्षीही राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठ संघांपर्यंत पोहोचला. २०१२ साली तिनं पद सोडलं आणि तिच्या जागी आली हॉली वॉर्लिक. ही हॉली कोण? पूर्वी पॅटच्याच हाताखाली खेळलेली मुलगी, आणि नंतर २७ वर्षं तिच्या शेजारी बसून मदतनीस म्हणून काम केलेली. बाहेरून कुणाला बोलवावं लागलं नाही. पॅटच्या हाताखाली तयार झालेल्या कितीतरी जणी इतर ठिकाणीही प्रशिक्षक झाल्या.

२८ जून २०१६ ला पॅट समिट गेली. वय ६४.

आम्ही बैठकीत याच्यावर बराच वेळ बोललो. तिला आजार झाला तेव्हा संघ टिकला, तो काही त्या एका वर्षाच्या धावपळीनं नाही. सत्तावीस वर्षं शेजारी एक बाई तयार होत होती म्हणून टिकला. आमच्या अक्का बावीस दिवस दवाखान्यात गेल्या आणि आमचा गट बसला, कारण अक्कांच्या शेजारची जागा रिकामी होती. ती जागा अक्कांनी रिकामी ठेवली होती आणि आम्हीही तिथं जाऊन बसलो नव्हतो.

त्या बैठकीच्या शेवटी अक्कांनी कमरेची चावी काढली आणि सतरंजीवर ठेवली. कुणी उचलेना. खरं सांगतो, आम्हाला भीती वाटली. चावी उचलली की चूकही आपली होणार. शेवटी सचिवानं उचलली.

मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्या गटाला उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट. वही लिहायचं काम फिरतं ठेवलं. दर तीन महिन्यांनी एक सदस्य वही लिहिते आणि आधीची तिच्या शेजारी बसते. शेजारी बसणारीनं तोंडानं सांगायचं, पेन हातात घ्यायचं नाही. अक्कांना हेच सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या वेळी त्यांनी दोनदा पेन हिसकावलं. आता त्या स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसतात.

दुसरी. बँकेत दर वेळी दोघी जातात, एक जुनी आणि एक नवी. साहेबांशी नवी बोलते.

तिसरी. बैठकीच्या शेवटी शिल्लक किती, कर्ज किती, पुढचा हप्ता कधी, हे मोठ्यानं वाचलं जातं, आणि मग कुणालाही उठवून विचारलं जातं. न वाचता येणारीलाही हे आकडे तोंडपाठ होतात. आमच्या सर्वांत वयस्क सदस्याला सगळ्यांच्या आधी पाठ झाले.

चौथी. थकलेल्या हप्त्याबद्दल बोलायचं ते तिला बाजूला घेऊन, आधी अडचण विचारून. दारात जाऊन बसायचं नाही. आणि शिस्त म्हणजे, अडचण नसताना थकवलं तर बैठकीत सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. यावर अजून आमच्यात दोन मतं आहेत. अक्का म्हणतात वसुली ढिली पडेल. बघू. सहा महिन्यांनी हिशोब करू आणि तुम्हाला सांगू.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्याच महिन्यात बेरीज चुकली. चाळीस रुपये जुळेनात. एक सदस्य पटकन म्हणाली, "अक्का होत्या तेव्हा असं कधी झालं नाही." नवी वही लिहिणारी रडकुंडीला आली. तेव्हा अक्काच म्हणाल्या, "माझ्यावेळीही व्हायचं. मी घरचे टाकून जुळवायचे आणि तुम्हाला सांगायचे नाही." हे आम्हाला त्या दिवशी कळलं. किती वर्षं ही बाई एकटी हे ओझं वाहत होती. सगळं एकटीकडं ठेवणाऱ्या बाईला आपण हट्टी म्हणतो. पण तिला कुणी विचारलेलंही नसतं, की अक्का, जड होतंय का?

आणि ती शिकवणारी पोरगी? तिनं सोडून गेलेल्या मुलींच्या घरी जाऊन विचारलं, का येत नाही. एकीला तिचं ओरडणं लागलं होतं. एकीला संध्याकाळी पाणी भरायचं असायचं. एकीच्या पायात बूट नव्हते आणि सांगायची लाज वाटत होती. आरडाओरडा करून यातलं काहीही कळलं नसतं. तिनं सरावाची वेळ बदलली. सरावाची सुरुवात आता रोज वेगळी मुलगी घेते, ही बाजूला उभी राहते. आता बारापैकी नऊ जणी सरावाला येतात. ती म्हणते, "काकी, रेषेबाहेर नुसतं उभं राहायला मला खूप ताकद लागते." ते ऐकून अक्का हसल्या. त्यांना ते कळलं.

तर मैत्रिणींनो, ही होती एका शेतकऱ्याच्या मुलीची गोष्ट. पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एवढंच विचारा, की आपल्या गटाच्या कपाटाची चावी कुणाकडं आहे? आणि ती उद्या दवाखान्यात गेली, तर वही कोण उघडेल? उत्तर आलं तर छान. नाही आलं, तर त्याच बैठकीपासून कुणालातरी शेजारी बसवा. आणि अध्यक्ष असलेल्या माझ्या सगळ्या अक्कांनो, तुम्ही पेन खाली ठेवा, हात मांडीखाली दाबा. पहिले दोन महिने फार जड जातील.